तीन नंबरचा धोंडा

परवाच्या दिशी सूनबाईनं मोबाईल माझ्या डोळ्यांम्होरं धरला. ती कुरकुंभला कंपनीत पॅकिंगला जाते. सेकंड शिफ्ट व्हती, निघायच्या घाईत. म्हनली, "आत्या, तुमचं धोंडमाळ फेमस झालं की! हे बघा, एका दिवसात फिरायची ठिकानं. तुमच्या गावचं निळं तळं पयलंच हाय."

मी चष्मा लावला. निळंशार पानी, भवतीनं सरळ कापलेली काळी दरड, आन् काठावर केस मोकळं सोडून हुभ्या पोरी.

"तळं न्हाई ते," मी म्हनलं. "क्रशरची खान हाय. तिथं डोंगर व्हता."

"काय का असंना, दिसतंय भारी," म्हनली आन् चपला घालून गेली बी.

तवापासनं चित्त थाऱ्यावर न्हाई. हितं दौंडात एक खोली, म्होरं दार, मागं मोरी, मोरीच्या पल्याड रेल्वेचं रूळ. गाडी गेली की मांडणीवरची भांडी हलत्यात. दारापासनं मोरीपतूर आन् मोरीपासनं दारापतूर माझ्या येरझाऱ्या चालल्यात. बसावं म्हनलं की उठावं वाटतं. लोक धोंडमाळ बघाया येत्यात आन् खड्डा बघून जात्यात. ज्या मानसानं उभा जन्म ते गाव दाखवन्यात घालवला, त्याचं नाव त्या मोबाईलात कुठंच न्हाई. मास्तर जाऊन दोन पावसाळं झालं. आता सांगायचं तर मीच सांगायचं.

धोंडमाळ म्हंजी कवठे येमाईच्या वरल्या अंगाला. माळ चढून गेलं की वारा लागतो, मग पस्तीस-चाळीस घरं. खाली ज्वारी, वर हुलगं, बाकी सगळा धोंडा. मी नवरी हून आले तवा चौदा-पंधराची असंन. हळद उतरली न्हवती. तिसऱ्या दिशी दारात एक उंच, किडकिडीत मानूस हुभा. पांढरा सदरा, पायजमा घोट्याच्या वर, काखेत छत्री. ऊन असू, सावली असू, छत्री काखेतच. उघडलेली मी कवा बघितली न्हाई.

"नवीन मानूस आलंय म्हनं," सासूला म्हनले. "गाव दाखवून आनतो."

सासू म्हनली, "जा गं. मास्तरांनी दावल्याबिगर गाव आपलं होत न्हाई."

ती रीतच पडलेली. शिरूरच्या मिशन कंपाऊंडातला मानूस, ख्रिस्ती, वरच्या एकमास्तरी शाळंवर आलेला. पन येनारी हरेक सून पयल्या आठवड्यात मास्तरांच्या मागनं गावभर फिरायची, संगं नणंदा आन् गल्लीतली पोरंटोरं. मीबी निघाले. डोईवरचा पदर सावरू का वाट बघू ते कळंना, ह्ये चालत्यात का पळत्यात ते बी कळंना.

सात ठिकानं व्हती त्यांची. सात धोंडं. एक वेशीवरचा. एक पान्याच्या टाक्यापाशी. कातळात कोरलेलं टाकं, उन्हाळ्यात बी हाताला गार लागायचं. एक धोंडा असा, की त्याच्यावर खडा मारला का पितळी भांड्यावानी वाजायचा. मास्तर म्हनले, "मार." मी लाजले. "अगं मार, त्याला दुखत न्हाई." मारला. टन्न झालं आन् माळाच्या त्या टोकापतूर गेलं. सासरी आल्यापासनं मी पयल्यांदा तवा हसले.

खिंडीच्या अंगाला तिसरा, वीराचा. कंबरंएवढा, अंगावर तलवारवाला मानूस कोरलेला, त्याच्या पायाशी गुरं. त्याच्या शेजारी चौथा, सतीचा. कोपरात वाकलेला हात, हातात चुडा. मास्तर छत्रीच्या टोकानं दाखवायचं. "धनगराची मेंढरं दुस्काळात पानी हुडकत ह्या माळावर चढली, टाकं घावलं, तिथंच गाव बसलं. मग चोर आले. गुरं घेऊन खिंडीनं खाली निघाले. हा एकटा आडवा झाला. पन्नास गुरं सोडवली त्यानं, आन् हितं पडला."

म्होरं दरसाल आमी ते ऐकलं. कवा पन्नास, कवा साठ. एकदा मी म्हनलं, "मास्तर, मागल्या साली तर वीसच व्हती."

"गुरं हायेत, कोंडाबाई. वाढत्यात," म्हनले आन् निघाले बी. "चला, पुढचं बघू."

ते त्यांच्या तोंडात बसलेलं. चला, पुढचं बघू. बसायचं म्हनून त्यांना ठाऊकच न्हवतं. च्या हुभ्यानं, भाकरी हुभ्यानं. शाळंत खुर्ची व्हती, तिच्यावर खडूचा डबा बसायचा. पोरांचं पाढं माळावर चालत. पाच पावलं टाकायची, पाच म्हनायचं. आनिक पाच टाकायची, धा म्हनायचं. पोरं दमायची, मास्तर न्हाई. आमच्या गावच्या पोरांस्नी पाढं यायचं आन् पोटऱ्या यायच्या. पन एक खोट व्हती. धडा निम्मा झाला का मास्तरांचं ध्यान दुसरीकडं जायचं. आभाळात कायतरी उडालं, वाटंनं कुनी परगावचा चढून आला, का चालले छत्री घेऊन. ऱ्हायलेला निम्मा धडा मागं तसाच.

वीराची जत्रा असायची चैतात. धोंड्याला तेल, शेंदूर, निवद. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन धोंडा धुवायचं. एकदा बापू पाटील, गावचा सरपंच, चारचौघांत म्हनला, "मास्तर, तुमचा देव निराळा. आमच्या दगडाचं तुमाला एवढं काय पडलंय?"

मास्तर धोंडा पुसतच म्हनले, "पाटील, हा दगड खालनं वर कुनी वाहून आनला असंल? तुमच्या आज्यानं?"

"आमच्या आज्यानं कशाला? मानसं नसतील का?"

"तीच मानसं आमची," मास्तर म्हनले. "खांद्याला वळ त्यांच्या उठले. म्हनून पडलंय."

पाटलानं निवदाचं ताट म्होरं केलं. मग म्हनला, "बरं, पोळी तरी खाऊन जा." मास्तरांनी हुभ्यानंच खाल्ली.

माझं मालक गेलं त्या साली. विहिरीचं काम चाललेलं, दरड ढासळली. तिघं गाडलं गेलं, दोघं निघालं. पदरात तीन लेकरं, धाकटी अंगावर पिती. धाव्याला पावनं आलं, गेलं. बाराव्या दिशी सकाळचं मी घागर घेऊन निघाले, तर दाराबाहेर मास्तर. देवाची मर्जी, नशीब, असलं काय बोललं न्हाईत.

"टाक्यावर चाललीस? चल."

निम्म्या वाटंत माझं डोळं भरून आलं. तवा म्हनले, "पावलं मोज."

"मला मोजता येत न्हाई."

"मग शीक. एक. म्हन."

टाक्यापासनं घरापतूर दोनशे अकरा पावलं. आठ-पंधरा दिसांत मला सगळं आकडं आलं, लिहायला बी आलं. कातळावर चुन्याच्या खड्यानं गिरवून घ्यायचं. मोजायला लागलं का रडायचं ऱ्हायचं, आन् रडायला लागलं का पुन्हा एकपासनं मोजावं लागायचं. म्हनून मी मोजत ऱ्हायले. मग अक्षरं काढली. निम्मी झाली आसतील, तेवढ्यात खालनं कोन एक पावना डोंगर बघाया आला. मास्तर म्हनले, "चला, पुढचं बघू," आन् माझी अक्षरं ऱ्हायली ती ऱ्हायली. मी बी कवा म्हनलं न्हाई. इचारायला तोंड न्हवतं आन् येळ बी न्हवता.

क्रशर आला तवा माझं मोठं पोरगं सातवीत. डोंगराचं पल्याडचं अंग पाटलानं खडीला दिलं. पाटील वाईट मानूस न्हवता. त्याची थोरली सून बाळंतपनाला खाली नेताना वाटंतच गेलती, बाजंवर. त्याला डांबरी रस्ता पायजे व्हता आन् क्रशरवाल्यानं बांधून देतो म्हनून कबूल केलतं. मी क्रशरवर कामाला लागले. पाट्या उचलायच्या. धुळीनं भुवया पांढऱ्या व्हायच्या. मास्तर येता-जाता बघायचं. हे काम सोड, असं एकदा बी म्हनलं न्हाईत. पोरांच्या ताटात काय पडतंय ते त्यांना दिसत व्हतं. पन रोज सांजचं खिंडीत जाऊन बघायचं, क्रशर किती अलीकडं सरकला. येरझाऱ्या वाढल्या तवापासनं. रिटायर झालतं, तरी वर ऱ्हायलं.

मग अर्ज सुरू झालं. शिरूरला, पुण्याला, कुठं कुठं. हा दगड जुना हाय, हा गावाचा इतिहास हाय, येऊन बघा. साल गेलं, दोन गेली. आन् एक दिवस मास्तर हातात कागद घेऊन माझ्या दारात. दम लागलेला.

"कोंडाबाई, साहेब येतोय. सोमवारी. त्यानं वीराचा दगड आन् सतीचा दगड बघून लिहून दिलं, तर क्रशरला खिंड ओलांडता येनार न्हाई. अलीकडचा समदा डोंगर वाचला."

"आन् न्हाई लिहून दिलं तर?"

"तर गेला," म्हनले. हुभ्यानं पानी प्याले. "मी शिरूरला लेकीकडं जातो, सोमवारी साहेबाला संगंच घेऊन येतो. हा चुन्याचा डबा. हा कागद. सातांची नावं लिहिल्यात. एकेका दगडावर मोठ्या अक्षरात टाक. लांबनं दिसली पायजेत. जमंल न्हवं?"

"व्हय मास्तर," मी म्हनलं.

तिथंच म्हनाया पायजे व्हतं, की मला येत न्हाई. निम्म्यावर सोडलंय तुमी. पन त्यांची शिरूरची यष्टी व्हती, पाय दारात एक आन् वाटंवर एक. आन् मला लाज वाटली. एवढ्या वर्सांनी कसं सांगायचं?

शनवारी काम सुटल्यावर डबा घेऊन गेले. कागद उघडला. दोन अक्षरं लागायची, तिसरं आडायचं. दिस मावळतीला आलेला. क्रशरवर मी बघितलेलं, सुपरवायझर मोठ्या धोंड्यांवर पांढरं आकडं टाकायचा. म्हनलं, आपल्याला आकडं तर येत्यात. साहेब शिकलेला मानूस, एक-दोन-तीन बघत बघत बरूबर येईल. वेशीवर एक टाकला. टाक्यावर दोन. वीराच्या कपाळावर तीन, सतीच्या हाताखाली चार. सात झालं. लांबनं बघितलं. ठसठशीत दिसत व्हतं. लई बरं वाटलं मला.

क्रशरवर त्यो आकडा कशाला टाकत्यात ते मला ठाऊक व्हतं. रोज बघत व्हते. नंबर टाकलेला धोंडा जेसीबीनं उचलायचा. पन ते तिकडं, पल्याड. हितं अलीकडं माझ्या हातचं आकडं. त्येचा त्येच्याशी काय संबंध, आसंच वाटलं.

आयतवारी सकाळी मी भाकऱ्या थापत व्हते. खिंडीकडनं घरघर आली. जेसीबी क्रशरवर असायचा, पन आवाज अलीकडचा. चुलीवरचा तवा तसाच ठेवून मी पळाले. वर पोचले तवा तीन आन् चारच्या जागी दोन खड्डं, ताजी तांबडी माती आन् माळावर साखळ्यांचं वण. खिंडीच्या पल्याड क्रशरचा दगड फोडायचा जबडा चालू व्हता. त्याचा आवाज मला ठावा व्हता. नुसती खडी असली का एक, मोठा धोंडा पडला का दुसरा. आता दुसरा येत व्हता.

डायवर बिहारकडचा, नवा आलेला, गुटख्याची पुडी फोडत बसलेला. मी वरडले, "अरं काय केलंस रं?"

"क्या हुआ अम्मा?"

"तो देव व्हता! पत्थर! भगवान!"

तो घाबरून खाली उतरला. "नंबर डाला था ना अम्मा. नंबर है मतलब उठाना है. मेरे को तो यही बोला है."

त्याला काय बोलायचं? खडीच्या ढिगापाशी गेले. समदी खडी सारखी. तलवार कुठली, चुडा कुठला, कायच कळंना.

सोमवारी जीप आली. मास्तर साहेबाच्या म्होरं. वेस दाखवली, टाकं दाखवलं. एक बघितला, दोन बघितला, माझ्याकडं वळून हसले. त्यांना वाटलं, मी घाई केली, नावाच्या जागी नंबर टाकलं, चालंल. मग खिंडीशी आले आन् थांबले. मास्तर थांबलेलं मी पयल्यांदाच बघितलं.

साहेबानं खड्डं बघितलं, साखळ्यांचं वण बघितलं, बाकीच्या धोंड्यांवरचं आकडं बघितलं. इचारलं, "हे नंबर कुणी टाकले?"

गाव जमलेलं. शिवराम आप्पा, माझा चुलत दीर, मास्तरांच्या कानाशी लागला. मी शेजारीच व्हते, मला ऐकू आलं. "मास्तर, क्रशरवाल्यानं टाकलं म्हना. आजच्या आज काम बंद हुईल. कोन बघाया गेलंय? म्हना!"

खरं व्हतं ते. तेवढं एक वाक्य बोललं आसतं तर डोंगर वाचला आसता. क्रशरवाला म्हनला आसता आमी न्हाई टाकलं, तर त्याचं कुनी ऐकलं नसतं. मास्तरांनी छत्री ह्या काखंतनं त्या काखंत घेतली. माझ्याकडं बघितलं. माझ्या नखांत चुना तसाच व्हता.

"आमचेच आकडे हायेत, साहेब," मास्तर म्हनले. "मी टाकायला लावले. डायवरची चूक न्हाई."

"मी म्हणजे कोण? लिहिले कुणी?"

"मीच."

मी गप ऱ्हायले. पदर तोंडात धरून गप. दुसऱ्या दिशी मला क्रशरवर जायाचं व्हतं. आन् तेवढंच न्हाई. म्या केलं म्हनलं, तर का केलं ते सांगावं लागलं आसतं, गावाम्होरं.

साहेब भला मानूस व्हता. म्हनला, "मास्तर, जे जागेवर नाही ते मी कसं लिहू? उरलेल्या दगडांवर तर काही कोरलेलं नाही." वाजनारा धोंडा मास्तरांनी त्याला वाजवून दाखवला. त्यानं मान हलवली. जीप गेली.

मग क्रशरनं खिंड ओलांडली. पाच-सहा वर्सांत डोंगर गेला, वाजनारा धोंडा गेला, टाकं गेलं. रस्ता झाला, पाटलानं कबूल केलेला झाला. खाली झरा लागला, खानीत पानी भरलं, क्रशरवाला दुसरीकडं गेला. माझा धाकटा कुरकुंभला लागला आन् मी दौंडात आले. मास्तर शिरूरला लेकीकडं. पन ऐकायला यायचं, का आयतवारी चर्च सुटलं की यष्टीत बसत्यात आन् धोंडमाळला जात्यात. कशाला, तर आयतवारी लोक तळं बघाया येत्यात म्हनून.

ते मी डोळ्यांनी बघितलं, चैतात, जत्रंला गेले तवा. धोंडा न्हाई तरी जत्रा हाय; खानीच्या काठावर नारळ फोडत्यात. मास्तर काठाशी हुभं. लई वाळलेलं, डोळ्याला जाड भिंग. पुन्याकडची पोरंपोरी आलती. मास्तर छत्रीच्या टोकानं पान्यावरची मोकळी हवा दाखवत व्हते. "तिथं, बरोबर तिथं. हातात तलवार. शंभर गुरं सोडवली त्यानं."

एक पोरगी म्हनली, "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मास्तर बाजूला झाले. पोरगी वाईट न्हवती, थँक्यू बी म्हनली.

मी जवळ गेले. "मास्तर, गुरं शंभर झाली व्हय?"

त्यांनी आवाज वळखला. "कोंडाबाई! मग? तळ्याचं पानी मिळतंय त्यांना आता." हसले. पाय चुळबूळ चाललेलीच. "चल, पुढचं..."

"मास्तर," मी मधीच बोलले. बोलले नसते तर कवाच बोलले नसते. "त्या दिशी मी गप ऱ्हायले. आकडं माझं व्हतं. तुमी माझ्यासाठी डोंगर घालवला."

"तुझ्यासाठी न्हाई. खोटं बोलून वाचवलेला दगड लोकांना काय म्हनून दाखवला आसता मी?" मग म्हनले, "पन तू नावं का टाकली न्हाईस? हे मी लई दिस इचार करतोय."

"येत न्हवती. निम्मी शिकवली तुमी आन् गेला. म्होरं मला कुनी शिकवलंच न्हाई."

  मास्तरांनी इकडं-तिकडं चाचपलं, काठाशी एक उरलेला धोंडा व्हता, त्याच्या शेजारी छत्री आडवी टाकली. आन् खाली बसले. गुडघं वाजलं. मी त्या मानसाला उभ्या जन्मात बसलेला बघितला न्हवता.

"चुना हाय का कुठं?"

नारळवाल्या बाईकडं पानाला चुना व्हता. डबी आनली. मास्तरांनी बोटानं हवेत अक्षर काढायचं, मी धोंड्यावर. चुकलं का पदरानं पुसायचं. ऊन चढलं, जत्रंचं ढोल वाजून थांबलं. खाली रस्त्यावर शिरूरची यष्टी आली, भोंगा दिला. मी म्हनलं, "मास्तर, गाडी."

"जाऊ दे. वेलांटीला तुझा हात उलटा फिरला. पुन्हा काढ."

गाडी गेली. त्यांनी मान बी वळवली न्हाई. शेवटचं अक्षर झालं तवा सावली पायाखाली आलती. इथं वीराचा दगड होता. एवढंच. वाकडंतिकडं, पन पुरं. मास्तरांना एवढ्या जवळनं बी नीट दिसत न्हवतं. त्यांनी बोट ठेवलं आन् ओल्या चुन्यावरनं पयल्या अक्षरापासनं शेवटापतूर हळू फिरवलं. तिथं तिथं जरा फासटलं.

"वाच," म्हनले.

मी वाचलं.

मास्तर बसूनच ऱ्हायले. बोट पांढरं झालेलं, पुसलं न्हाई.